नाशिक परिसरातील डोंगरी सायकलमार्ग

नाशिक परिसरातील डोंगरी सायकलमार्ग म्हणजे नाशिक जिल्ह्यातील, तसेच त्याला लागून असलेल्या अकोले (अहिल्यानगर जिल्हा) आणि मोखाडा व जव्हार (पालघर जिल्हा) या तालुक्यांतील सह्याद्रीच्या रांगांमधून जाणारे, सायकलस्वारांच्या नित्य वापरातील घाटरस्ते, धरणकाठचे रस्ते व गाडीवाटा होत. यांपैकी एकही मार्ग केवळ सायकलींसाठी बांधलेला नाही. देवदर्शनाच्या वाटा, धरणांच्या बांधकामासाठी काढलेले रस्ते, आदिवासी पाड्यांना तालुक्याच्या गावाशी जोडणारे जिल्हा मार्ग आणि शेतकऱ्यांच्या शिवाररस्त्यांचे तुकडे जोडून हे मार्ग सायकलस्वारांनी आपापल्या सोयीने रूढ केले आहेत. त्यांची लांबी व चढण यांपेक्षा पाणी, सावली आणि मुक्कामाची सोय कोठे आहे यावरच त्यांची आखणी ठरते. ज्या खोऱ्यात या तीन गोष्टी नाहीत तेथे रस्ता चांगला असूनही सायकलस्वार क्वचितच दिसतात.

भूरचना

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, गोदावरीच्या काठी वसलेले आहे. शहराच्या पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग दक्षिणोत्तर गेली असून तिच्यापासून पूर्वेकडे अनेक उपरांगा फुटतात. उत्तरेस बागलाणात सेलबारी-डोलबारी, तिच्या दक्षिणेस सातमाळा, शहराच्या पश्चिमेस त्र्यंबक-अंजनेरी आणि दक्षिणेस कळसूबाई अशी त्यांची ढोबळ मांडणी आहे. कळसूबाई (१६४६ मीटर) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असून बागलाणातील साल्हेर (१५६७ मीटर) हा राज्यातील सर्वांत उंच किल्ला आहे. या दोन्ही माथ्यांवर सायकल जात नाही. रस्ते पायथ्याशीच थांबतात.

उपरांगांच्या या मांडणीमुळे पूर्व-पश्चिम जाणारे रस्ते बहुधा नदीखोऱ्यातून सौम्य चढणीने जातात, तर उत्तर-दक्षिण जाणाऱ्यास प्रत्येक रांग खिंडीतून ओलांडावी लागते. पश्चिमेकडे कोकणात उतरणारे घाट मात्र एकदम तुटतात. नकाशावर अंतर कमी दिसते म्हणून कळवण व बागलाण या दोन खोऱ्यांमधील प्रवास सोपा समजणाऱ्यांची फसगत होते ती यामुळेच.

हिमालयातील मनाली-लेह मार्गाशी या प्रदेशाची तुलना अनेकदा केली जाते. त्या मार्गावरील तांगलांग ला ही खिंड पाच हजार मीटरहून उंच आहे आणि तेथील मुख्य अडचण विरळ हवेची असते. विरळ हवेचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या पुढे जाणवू लागतो. सह्याद्रीत तो प्रश्न उद्भवत नाही. येथे कस लागतो तो उन्हात, पावसात आणि दमट हवेत. लेहला जाण्यापूर्वी नाशिकच्या घाटांत सराव करण्याचा प्रघात आहे. त्याने पायांची तयारी होते, उंचीची होत नाही.

पार्श्वभूमी

रुंद टायरच्या, खडबडीत वाटेवर चालवायच्या सायकलींचा खेळ अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७० च्या दशकात आकारास आला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश झाला. नाशिक भागात सायकल त्याच्या कितीतरी आधीपासून डोंगरी गावांत पोहोचली होती. पण ती दूधवाल्याची, पोस्टमनची, पाड्यावरच्या शिक्षकाची आणि कारखान्याच्या पाळीला जाणाऱ्या कामगाराची सायकल होती. मागे कॅरिअर, त्यावर दुधाचे कॅन किंवा पोते आणि गिअरचा पत्ता नाही, अशा सायकलींनी चढणीवर हातात धरून आणि उतारावर स्वार होऊन हे घाट पार केले जात. छंद म्हणून डोंगरात सायकल नेण्याची प्रथा त्यामानाने अलीकडची आहे.

या प्रथेला बळ मिळाले ते लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीमुळे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा दोघांच्या गटात पूर्ण केली. ही स्पर्धा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय होत. २०१७ मध्ये नाशिककर असलेले लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच स्पर्धा एकट्याने, ठरलेल्या मुदतीत पूर्ण केली; त्यापूर्वी कोणाही भारतीयाला ते साधले नव्हते. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशन ही संस्था आषाढी एकादशीच्या सुमारास नाशिक ते पंढरपूर सायकल वारी काढते. याशिवाय २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरच्या 'ब्रेव्हे' नावाच्या सहली नाशिकहून निघतात. त्या अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस व चाळीस तासांत पूर्ण कराव्या लागतात. त्यांत क्रमांक काढले जात नाहीत. वेळेत परत येणे एवढेच अपेक्षित असते.

प्रमुख मार्ग

त्र्यंबकेश्वर-वैतरणा-घोटी फेरी

नाशिकहून निघून त्र्यंबकेश्वर, पहिणे, वैतरणा परिसर व घोटी करून महामार्गाने परत येणारी ही फेरी शंभर किलोमीटरच्या आतबाहेर भरते. दिवसभरात पूर्ण होत असल्याने ती सर्वांत प्रचलित आहे. त्र्यंबकेश्वरापर्यंतचे सुमारे २८ किलोमीटर सातपूर, महिरावणी, खंबाळे, तळेगाव व अंजनेरी या गावांवरून जातात. रस्ता रुंद व चढण सौम्य आहे. परंतु श्रावणी सोमवार, निवृत्तिनाथांची पौषवारी आणि सुट्ट्यांचे दिवस या काळात तो वाहनांनी व पायी जाणाऱ्यांनी भरून जातो. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी येणाऱ्या गर्दीत सायकल चालवणे अशक्यप्राय असते आणि त्या दिवशी तसा प्रयत्नही करू नये.

त्र्यंबकेश्वर सोडल्यावर घोटीकडे जाणारा रस्ता अरुंद होतो आणि फेरीचा खरा आनंद येथून सुरू होतो. एका बाजूस ब्रह्मगिरीच्या कातळभिंती, दुसऱ्या बाजूस भातखाचरे आणि पुढे वैतरणा धरणाच्या पाणलोटाचे उघडे माळ असे दृश्य बदलत जाते. चढउतार लहान पण सतत आहेत. धरणाच्या काठी जाणाऱ्या मुरमाड गाडीवाटा रुंद टायरच्या सायकलींना योग्य आहेत. आवणीच्या दिवसांत मात्र त्यांतील चिखल चाकात व ब्रेकमध्ये अडकतो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पहिणे परिसरात पावसाळ्यातील शनिवार-रविवारी धबधबे पाहण्यास येणाऱ्या मोटारींची रांग लागते, म्हणून जाणकार ही फेरी आठवड्यातील कामाच्या दिवशी किंवा भल्या पहाटे करतात.

घोटी ते नाशिक हा परतीचा टप्पा मुंबई-आग्रा महामार्गाचा आहे. मुंढेगाव व वाडीवऱ्हे या गावांवरून जाणारा हा रस्ता सपाट व गुळगुळीत असला तरी अवजड वाहनांचा आहे. थकलेल्या अवस्थेत, अंधार पडताना हा टप्पा वाट्याला येतो, हा या फेरीतील दोष होय. उलट दिशेने, म्हणजे सकाळी महामार्ग उरकून संध्याकाळी त्र्यंबकेश्वराकडून परतल्यास तो बराच टळतो.

घोटी-भंडारदरा व जलाशयाची प्रदक्षिणा

घोटीहून दक्षिणेकडे वळणारा रस्ता कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून भंडारदऱ्यास जातो. नाशिक ते भंडारदरा हे अंतर सुमारे ७० किलोमीटर असल्याने येथे एक रात्र मुक्काम करावा लागतो. बारीच्या अलीकडील चढण दमवणारी आहे; पण समोर कळसूबाईचा माथा, पश्चिमेस अलंग, मदन व कुलंग या दुर्गांची ओळ दिसत असल्याने थांबण्यास निमित्त शोधावे लागत नाही.

प्रवरा नदीवरील भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. शेंडी, मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी या गावांवरून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता चाळीस किलोमीटरच्या पुढे भरतो. घाटघर येथे कोकणकडा असून तेथून खाली कोकणाचा तुटलेला प्रदेश दिसतो. साम्रदला सांदण दरी, तर रतनवाडीस अमृतेश्वराचे प्राचीन शिल्पसमृद्ध मंदिर आहे. हा सर्व भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मे-जूनमध्ये काजवे पाहण्यासाठी येथे रात्री मोटारींची प्रचंड गर्दी होते. दिव्यांच्या झोतात समोरून येणारी सायकल चालकास दिसत नाही, तेव्हा त्या दिवसांत सूर्यास्तानंतर या रस्त्यावर सायकल काढू नये. मोबाइलला येथे अनेक ठिकाणी संपर्क मिळत नाही. प्रदक्षिणेला निघण्यापूर्वी शेंडीत कोणास तरी सांगून जाण्याची पद्धत आहे आणि ती योग्य आहे.

वणी व सप्तशृंगी गड

दिंडोरी, वणी व नांदुरी मार्गे सप्तशृंगी गडावर जाणारा हा रस्ता नाशिकच्या सायकलस्वारांची पारंपरिक कसोटी मानला जातो. दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागांमधून जाणारा पहिला टप्पा जवळजवळ सपाट आहे. वणीनंतर सातमाळा रांग समोर उभी राहते आणि नांदुरीपासून सुमारे दहा किलोमीटरचा घाट सुरू होतो. गडावरील गाव अकराशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. घाटात वळणांमागून वळणे येतात आणि सपाटी फारशी मिळत नाही, त्यामुळे सुरुवातीस घाई करणारा अर्ध्यावर सायकलवरून उतरतो. लहान गिअरवर, बोलता येईल एवढ्या दमाने चढणारा वर पोहोचतो.

चढणीपेक्षा उतार अधिक धोक्याचा आहे. रस्त्याच्या एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस दरी असून पावसाळ्यात दाट धुके असते. जुलै २०२३ मध्ये याच घाटात एसटीची बस दरीत कोसळून जीवितहानी झाली होती. चैत्रोत्सव, नवरात्र व कोजागिरी या काळात खाजगी वाहनांना नांदुरीलाच थांबवून एसटी बसने भाविकांना वर नेले जाते. चैत्रात खानदेशातून हजारो भाविक पायी येतात, तर कोजागिरीला कावडीधारक नद्यांचे पाणी घेऊन येतात. त्यांच्यासाठी वाटेवर ठिकठिकाणी पाणी, चहा व फराळाची व्यवस्था स्वयंसेवक करतात. सायकलस्वारालाही तेथे कोणी अडवत नाही. त्यानेच घंटी वाजवत पायी चालणाऱ्यांना बाजूला सारू नये, एवढे भान ठेवावे.

हातगड, सापुतारा व पेठ

वणीहून बोरगाव व हातगड मार्गे गुजरातमधील सापुतारा येथे जाता येते. नाशिकपासून हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. हिवाळ्यात या रस्त्याच्या कडेने स्ट्रॉबेरी विक्रीस ठेवलेली असते. पेठचा रस्ता रामशेज किल्ल्याच्या परिसरातून निघून सावळघाट व कोटंबी घाटाने जातो. मालमोटारींच्या वर्दळीमुळे तो अनुभवी स्वारांनीच निवडावा.

हरसूल, मोखाडा व जव्हार

गिरणारे, वाघेरा घाट व हरसूल हा मार्ग वाहनांच्या दृष्टीने सर्वांत शांत आहे. धावपटू कविता राऊत यांचे सावरपाडा हे गाव याच भागातले. त्र्यंबकेश्वरहून तोरंगण घाट व मोखाड्यावरून जव्हारला जाणारा रस्ता पावसाळ्यानंतरच्या दोन महिन्यांत अतिशय रमणीय असतो. परत येताना मात्र कोकणातून देशावर चढावे लागते, हे निघतानाच लक्षात घ्यावे. या भागातील वस्ती मुख्यतः कोकणा, वारली, महादेव कोळी व ठाकर समाजांची असून पाड्यांमधील अंतरे मोठी आहेत.

बागलाण

सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर व साल्हेर हा मार्ग मोसम नदीच्या खोऱ्याने जातो. नाशिकपासून साल्हेर सुमारे सव्वाशे किलोमीटर असल्याने बहुतेक जण सटाणा किंवा ताहाराबादपर्यंत वाहनाने येऊन पुढे सायकल काढतात. मांगीतुंगी येथे २०१६ मध्ये प्रतिष्ठापना झालेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती आहे. १६७२ मधील साल्हेरच्या लढाईत मराठ्यांनी मोगल सैन्याचा उघड्या मैदानात पराभव केला होता. युनेस्कोने २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट केलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांत साल्हेरची गणना आहे. या नोंदीनंतर किल्ल्याकडे येणाऱ्यांची संख्या वाढणे स्वाभाविक आहे. पायथ्याच्या गावांतील पाणी व मुक्कामाची सोय त्या मानाने अजून बेताची आहे.

विसाव्याची ठिकाणे

विसावा हा शब्द मराठीत वारीच्या परंपरेतून आलेल्या अर्थछटेसह वापरला जातो. मुक्काम रात्रीचा असतो, तर विसावा वाटेवरचा, घटकाभराचा असतो. डोंगरी सायकलमार्गांवर या दोहोंची गरज वेगवेगळी आहे आणि त्यांची ठिकाणेही वेगळी आहेत.

जुन्या काळी घाटाच्या माथ्याला व पायथ्याला देवस्थान, विहीर किंवा धर्मशाळा असे. कसारा घाटाच्या माथ्यावर इगतपुरीजवळ घाटनदेवीचे मंदिर आहे. घाट चढून आलेली वाहने येथे क्षणभर थांबतात, नारळ वाढवतात व पुढे जातात. सायकलस्वारांसाठीही ते पहिले विसाव्याचे ठिकाण ठरते, कारण तेथे पाणी, सावली आणि माणसांचा वावर या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. चांदवड येथे रेणुकामातेचे मंदिर व होळकरांचा वाडा आहे. अहिल्याबाई होळकर यांनी ठिकठिकाणी बांधवलेल्या विहिरी, बारवा व धर्मशाळा पांथस्थांच्या चालण्याच्या वेगाला धरून होत्या. मोटार आल्यावर हे टप्पे निरुपयोगी झाले. नेमके सायकलच्या वेगाला मात्र ते आजही जुळतात. अनेक बारवा आता कचऱ्याने भरल्या आहेत आणि त्यांतील पाणी पिण्याजोगे राहिलेले नाही. असे प्रत्येक ठिकाण बंद पडले की सायकलस्वाराचा टप्पा तेवढा लांबतो.

मुक्कामासाठी देवस्थानांची भक्तनिवासे हा सर्वांत भरवशाचा आधार आहे. सप्तशृंगी गडावर देवस्थान न्यासाचे भक्तनिवास व प्रसादालय आहे. त्र्यंबकेश्वर येथे शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचे भक्तनिवास, तर मांगीतुंगी येथे जैन धर्मशाळा आहेत. भंडारदरा व गंगापूर धरण येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने आहेत. तालुक्याच्या गावी असलेली सार्वजनिक बांधकाम विभागाची विश्रामगृहे शासकीय कामासाठी आलेल्यांना प्राधान्याने दिली जातात, तेव्हा आधी आरक्षण न करता त्यांच्यावर विसंबून राहू नये. भंडारदरा, रतनवाडी, साम्रद, बारी या गावांत घरगुती निवास व जेवणाची सोय वाढली आहे. नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा व भात असे जेवण तेथे मिळते. जेवण सांगितल्यावर चूल पेटते, म्हणून पोहोचण्यापूर्वी दूरध्वनी करावा.

वाटेवरच्या विसाव्यात चहाची टपरी, उन्हाळ्यातील रसवंती, गावचा पार, शाळेचा व्हरांडा आणि एसटीची निवारा शेड यांचा समावेश होतो. निवारा शेडमध्ये सावली असते, पाणी नसते. शाळेत पाणी असते, पण सुट्टीत फाटक बंद असते. मंदिरात बहुधा दोन्ही मिळते. चप्पल-बूट बाहेर काढून, सायकल ओट्यापासून दूर उभी करून बसल्यास कोणाची हरकत नसते. पेट्रोल पंपावर हवा, पाणी व स्वच्छतागृह मिळते, परंतु घोटी, दिंडोरी, वणी, सटाणा ही बाजारगावे सोडली की पंप विरळ होतात. सायकलच्या मोठ्या दुरुस्तीची सोय नाशिक शहराबाहेर फारशी नाही. गावचा पंक्चरवाला ट्यूब जोडून देतो. गिअर किंवा डिस्क ब्रेकला हात लावण्यास मात्र तो, शहाणपणाने, नकार देतो.

महिला सायकलस्वारांची अडचण स्वच्छतागृहांची आहे. लांब पल्ल्याच्या अनेक वाटांवर बाजारगावे सोडता वापरण्याजोगे सार्वजनिक स्वच्छतागृह नाही. पाणी कमी पिणे हा त्यावरचा घातक उपाय अनेकजणी नाइलाजाने करतात. गटाने जाताना थांबे ठरवण्याचे काम या कारणासाठी आधी महिलांकडे द्यावे, असा संकेत काही गटांनी पाळला आहे.

पाणी व ऋतुमान

पर्जन्यमानातील तफावत हे या प्रदेशाचे ठळक वैशिष्ट्य आहे. नाशिक शहरात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर अवघ्या ४५ किलोमीटरवरील इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरहून अधिक. शहरात ऊन असताना घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस व शून्य दृश्यमानता असू शकते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान दहा अंशांखाली जाते, त्यामुळे उतारावर बोटे बधिर होऊन ब्रेक दाबणे कठीण होते, हातमोजे हवेतच.

ज्या तालुक्यांत पाऊस सर्वाधिक पडतो त्याच त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा तालुक्यांत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई असते. काळ्या पाषाणाच्या तीव्र उतारांवरून पाणी वाहून जाते, मुरत नाही. मार्चनंतर हातपंप कोरडे पडतात आणि अनेक पाड्यांवरील स्त्रियांना दूरवरून पाणी आणावे लागते. श्रम करणाऱ्या सायकलस्वारास उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागते. चार-पाच जणांच्या गटाने एका पाड्यावर बाटल्या भरल्या तर कोणाच्या तरी डोक्यावरचा हंडा रिकामा होतो. येथील माणसे पाण्याला नाही म्हणत नाहीत, म्हणूनच उन्हाळ्यात पुरेसे पाणी बाजारगावातून भरून न्यावे आणि पाड्यावर अडचणीतच मागावे. किल्ल्यांवरील टाक्यांचे पाणी गाळून व शुद्ध करूनच वापरावे.

सायकल व साहित्य

डांबरी घाटरस्त्यांसाठी गिअरची कोणतीही सुस्थितीतील सायकल चालते. गाडीवाटांसाठी रुंद, खोल नक्षीचे टायर, पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर व डिस्क ब्रेक असलेली सायकल योग्य. महाग सायकलीपेक्षा पुढच्या लहान व मागच्या मोठ्या चक्रीची जोडी महत्त्वाची आहे, कारण तीव्र चढणीवर पाय हलका ठेवते ती हीच. शिवाररस्त्यांवर बाभळीचे काटे विपुल असतात. दोन जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, हातपंप, चेन जोडण्याचे साधन, पुढचा-मागचा दिवा आणि हेल्मेट ही किमान सामग्री होय. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरल्यास तापतात. ते थांबून थांबून व दोन्ही मिळून दाबावेत.

निर्बंध व सुरक्षितता

कसारा घाटातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. १८६५ मध्ये सुरू झालेल्या थळ घाटातील लोहमार्गाची चढण १:३७ असून गाड्यांना मागून जोडइंजिन लावावे लागते. सुमारे ३०० मीटरची ती उंची रस्त्यालाही चढावी लागते. अवजड वाहनांमुळे हा घाट सायकलसाठी जोखमीचा आहे. मुंबईकडून येणारे काही जण उपनगरी रेल्वेने कसाऱ्यापर्यंत येऊन पहाटे घाट चढतात. इगतपुरीवरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर सायकलींना बंदी आहे. एसटीच्या टपावर सायकल चढवून परतण्याची जुनी सोय नव्या गाड्यांत बहुधा मिळत नाही, म्हणून परतीची व्यवस्था आधीच करावी लागते.

देवळालीच्या तोफखाना केंद्राचा गोळीबार सराव शहराच्या नैऋत्येकडील डोंगरांत होतो. बहुला किल्ल्याचा परिसर त्या क्षेत्रात येत असल्याने तेथील गाडीवाटांवर विनापरवाना जाणे प्राणावर बेतू शकते. तेथे सापडलेल्या कोणत्याही धातूच्या वस्तूस हात लावू नये. बोरगडाच्या माथ्यावर हवाई दलाचे रडार केंद्र असल्याने वर प्रवेश नाही. अपघातप्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. संपर्क नसलेल्या भागात जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणत्या गावी आहे हे आधीच पाहून ठेवावे.

पर्यावरण

सायकल धूर सोडत नाही व आवाज करत नाही, एवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरत नाही. पावसाळ्यात डोंगरउतारावरील पायवाटांवर टायरने पडलेली चर पुढच्या सरीत ओहळ होते आणि माती वाहून जाते. अंजनेरी डोंगर हे संवर्धन राखीव क्षेत्र असून तेथील कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. 'सेरोपेजिया अंजनेरिका' या दुर्मीळ वनस्पतीचे नावच या डोंगरावरून पडले आहे. २००८ मध्ये घोषित झालेले बोरगड हे राज्यातील पहिले संवर्धन राखीव क्षेत्र होय. या दोन्ही ठिकाणी सायकल पायथ्याच्या रस्त्यापुरती ठेवून वर पायी जावे लागते.

२०२१ मध्ये अंजनेरीच्या माथ्याकडे मोटाररस्ता नेण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा नाशिकमधील पर्यावरण अभ्यासक, गिर्यारोहक व पक्षिप्रेमी यांनी त्यास विरोध केला. रस्ता झाल्यास गिधाडांच्या विणीत व्यत्यय येईल, डोंगराचे उतार खचतील आणि माथ्यावरील झऱ्यांना धोका पोहोचेल, अशी त्यांची मांडणी होती. असा रस्ता सायकलस्वारांना एक उत्तम चढण देऊन गेला असता. माथ्याची चढण आजही पायीच करावी लागते आणि सायकली खाली अंजनेरी गावात ठेवल्या जातात.